हेक्टरचं सिमेंट

तिसऱ्या सभेतही हेक्टर मक्लीशनं तो बिस्किटांचा डबा टेबलावर आपटला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

डब्यावर आमच्या बालवेरी किल्ल्याचं चित्र आहे. उघडे करडे दगड, मागे डोंगर, पुढे हरीण. "किल्ला असा दिसतो!" हेक्टर माझ्याकडे बोट रोखून म्हणाला. "बापजाद्यांपासून असाच. आणि ही एल्स्पेथ त्याला चुना फासून पिवळा करायला निघालीय!"

बापजादे म्हणे! चारशे वर्षांपूर्वी किल्ल्याचा हा मनोरा बांधला तेव्हापासून त्याच्या अंगावर पिवळ्या चुन्याचा गिलावा होता. पुढे कुणा धन्याला उघड्या दगडांचा रांगडेपणा आवडला आणि त्यानं गिलावा खरवडून काढला. हे मी तिन्ही सभांत घसा फोडून सांगितलं. पण मी पडले चुन्याचं काम करणारी गवंडी, आणि निवृत्त पोस्टमन हेक्टर किल्ला समितीचा अध्यक्ष. माझं कोण ऐकतंय?

घाई होती ती वरच्या खोलीतल्या लाकडी छतापायी. त्यावर मनोऱ्याइतक्याच जुन्या रंगात डाळिंबं, मासे आणि तोंड उघडून गाणारी एक जाडजूड बाई आहे. हेक्टरच्या बायकोनं, नेसानं, अकरा वर्षं फळीवर उताणं पडून कापसाच्या बोळ्यांनी त्यावरची काजळी पुसली. नेसा गेली, आणि आता पश्चिमेच्या भिंतीकडून छताच्या फळ्या कुजू लागल्या. थंडी पडली की चुना नीट धरत नाही, म्हणजे हातात सप्टेंबर तेवढा. आणखी एक हिवाळा ते छत काढणार नव्हतं.

"छप्पर गळतंय," हेक्टर म्हणाला.

"गेल्याच वर्षी बदललंय."

"मग पन्हळ तुंबली असेल."

"परवा तुम्हीच साफ केलीत ना? चला, वर चला!"

गोल जिना चढताना त्याची बडबड चालूच होती. वर गेल्यावर मी त्याचा हात धरून पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला. तळवा ओला झाला. मग त्याच भिंतीच्या टोकाला नेलं. तिथे बाहेर जुन्या गिलाव्याचा एक पट्टा अजून टिकून आहे. भिंत कोरडी, वरची डाळिंबं शाबूत.

"एकच भिंत, एकच पाऊस," मी म्हटलं. "इकडे चुना आहे, म्हणून भिंत वाऱ्यानं वाळते. तिकडे कुणा गाढवानं दगडांच्या सांध्यांत सिमेंट कोंबलंय. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही!"

तो ओल्या तळव्याकडे बघत राहिला. "ते गाढव मी," तो म्हणाला. "त्र्याऐंशी साली. सगळे शनिवार घातले. नेसा बादल्या वर ओढायची. भिंत टिकावी म्हणून भरलं गं पोरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी राग काही गेला नाही. तीन सभा घालवल्या या माणसानं! पहिल्याच सभेत सांगायला काय झालं होतं?

चुन्याचं काम मंजूर झालं. सोमवारी सकाळी मी पश्चिमेच्या भिंतीच्या परांचीवर चढले, तर तो छिन्नी-हातोडी घेऊन आधीच हजर. समोर सिमेंटमध्ये हाताचे दोन पंजे उमटलेले, एक मोठा, एक लहान. खाली १९८३.

"तेवढं राहू द्या, हेक्टर. मी भोवतीनं चुना मारीन."

"याच्या मागे छताचा कुठला भाग येतो?"

मी अंदाज घेतला. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "ती जाडी बाई."

"मग सरक बाजूला." त्यानं लहान पंज्याच्या कडेला छिन्नी लावली. "हा पंजा एका शनिवारचा आहे. त्या बाईवर नेसाची अकरा वर्षं गेलीत."

लहान पंजा अखंड निघावा म्हणून तो दुपारपर्यंत खपला. त्याचे चार तुकडे झाले. खाली उतरून त्यानं ते बिस्किटांच्या डब्यात भरले आणि झाकण दाबून बसवलं. त्यानंतर तो डबा त्यानं कुठल्याच सभेत आणला नाही.