सातव्या तळघरातली भिंत

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चाळणी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या खेळात एक खोली जास्त आहे."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

चाळणी आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत तपासनीस आहे. खेळ बाजारात जाण्याआधी तो मोडून बघायचा, हे तिचं काम. भिंतींवर डोकं आपटायचं, नको तिथे उड्या मारायच्या, दार सोडून खिडकीतून घुसायचं. तिच्या हातून बारीकशी चूकही निसटत नाही, म्हणून चाळणी. आणि मी आजोबा, कारण इथे सगळे पंचविशी-तिशीतले आणि मी छप्पन्नचा. नातवंडं सोडा, मला घरात साधं मांजरही नाही.

"जास्त म्हणजे?" मी विचारलं.

"नकाशात एकोणपन्नास खोल्या आहेत. टेपवरून माहिती उतरवली तर पन्नास निघतायत. पन्नासावी कुठल्याच खोलीला जोडलेली नाही. तिचं दार कुठंय?"

"उरलंसुरलं असेल काहीतरी. तेव्हा आम्ही घाईत असायचो. कचरा समज."

"कचऱ्याला एवढं कुलूप कोण लावतं?" ती म्हणाली. "दोन दिवस द्या, काढते शोधून."

ती गेली आणि मी घाबरलो. का, हे सांगायचं तर एक गोष्ट आधी कबूल करावी लागेल, जी मी चौतीस वर्षांत कुणापाशीही केली नव्हती. तो खेळ मी केलेला नाही.

खेळाचं नाव 'तळघर'. एक लहान मुलगा हातात दिवा घेऊन खाली खाली जातो. एकूण सात तळघरं. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, कुणी अंगावर धावून येत नाही. फक्त दिव्यातलं तेल कमी होत जातं आणि उजेडाचं वर्तुळ लहान होत जातं. वाटेतली दोरी धरायची असेल तर दिवा खाली ठेवावा लागतो, आणि दिव्यापासून दहा पावलं लांब गेलं की खेळ संपला. बस, एवढंच. त्या काळी बाजारात नुसती उडती यानं आणि तोंडं उघडमीट करणारे राक्षस होते. लोक 'तळघर' खेळले आणि घाबरून दिवे लावून झोपले. माझं नाव झालं.

त्या नावावर मी आजवर जगलो. वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला माझा लेख येतो, आणि तो फिरून फिरून एकच असतो. आजचे खेळ म्हणजे नकलांचा बाजार. तोच दाढीवाला नायक, तीच तलवार, त्याच मनोऱ्यांवर चढून तोच नकाशा उघडायचा. नावापुढे चार, पाच, सहा असे आकडे. अस्सल काही सुचलंच नाही कुणाला गेल्या वीस वर्षांत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं माझं चालायचं. आणि इतरांना चोर म्हणताना माझा आवाज कसा खणखणीत लागायचा, ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

याच शुक्रवारी कंपनी 'तळघर' नव्याने काढणार होती. सभागृह भरणार, मी मंचावर बसणार, आणि विषय अर्थातच: जुन्या खेळांतलं अस्सलपण आज कुठे गेलं? पाहुण्यांच्या यादीत पहिल्या रांगेतली एक खुर्ची माझ्या थोरल्या भावाची होती. ती संचालकबाईंनी ठेवली होती, मी नव्हे.

खेळ त्याचा होता. दादाचा.

आमच्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत एकच संगणक, आम्हा दोघांत मिळून. दुपारपर्यंत दादाचा, दुपारनंतर माझा. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी बावीसचा असताना त्याला जहाजावर वायरलेसची नोकरी लागली आणि तो गेला. तीन आठवड्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये एक कॅसेट सापडली; तेव्हा खेळही कॅसेटवरच साठवत. वर त्याच्या अक्षरात 'अर्धवट' असं लिहिलेलं. सामान आवरताना चुकून माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली असेल, असं मी धरून चाललो. लावून बघितली. अर्धवट कसली, सगळा खेळ होता. फक्त रंग नव्हते, आवाज नव्हता आणि सुरुवातीला कुणाचं नाव नव्हतं.

मी रंग घातले. एक धून बसवली. ती बसवताना फार शिव्या घातल्याचं आठवतं, कारण मशीनच्या मेमरीत जागाच उरत नव्हती. हिशेबाने बरीच शिल्लक हवी होती, पण कुणीतरी आधीच अडवून बसल्यासारखी ती मिळत नव्हती. शेवटी धून निम्मी कापली. मग नाव घातलं, माझं, आणि एका कंपनीला पाठवून दिला.

अकरा महिन्यांनी दादा परत आला तेव्हा खेळ दुकानादुकानांत लागला होता. मी त्याला पडद्यासमोर उभा असलेला बघितला. त्याने वळून माझ्या पाठीवर थाप मारली. "छान केलंस रे," म्हणाला. मग हळूच, "शेवटपर्यंत खेळलास ना पण?"

"हो," मी म्हणालो.

खोटं होतं तेही. मी तिसऱ्या तळघराच्या पुढे कधी गेलोच नाही. मला भीती वाटायची. अंधाराची वाटायची, आणि त्याहून जास्त त्या खेळाचीच.

त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी, जेवता जेवता किंवा दवाखान्यात रांगेत बसलेलो असताना, दादा विचारायचा, "मग, गेला होतास का परत सातव्या तळघरात?" चोराच्या मनात चांदणं. मला त्यात दर वेळी धमकी ऐकू यायची. हा मला खेळवतोय, एक दिवस सगळ्यांसमोर उघडा पाडणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वहिनी तर माझ्याशी कधीच धड बोलल्या नाहीत. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा मला दुःख झालं, पण त्याच्या आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. माणूस किती हलकट असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि आता ही पन्नासावी खोली. मला ठाऊक होतं तिच्यात काय असणार. त्या काळी बरेच जण असं करायचे. बऱ्याच कंपन्या करणाऱ्याचं नाव छापत नसत, म्हणून खेळात कुठेतरी लपवून आपलं नाव कोरायचं. मी दादाचा खेळ उचलला तो त्याच्या सहीसकट, न बघता. एखाद्याचा कोट चोरावा, आतल्या खिशावर त्याचं नाव शिवलेलं असावं आणि आपण तोच घालून चौतीस वर्षं मिरवावं, तसं झालं होतं.

बुधवारी सकाळी मी चाळणीकडे गेलो. तिला थांबवायचं होतं. काय बोलावं सुचेना, म्हणून रोजचंच बोललो, "या असल्या खोल्या शोधण्यापेक्षा तुम्ही लोकांनी काही नवीन सुचवलं असतं तर?"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "आजोबा, राग मानू नका. मी तुमच्या वेळचे चारशे खेळ तपासलेत या कामासाठी. त्यातले साडेतीनशे एकमेकांच्या नकला आहेत. नुसती यानं आणि राक्षस. ते लोक विसरले. लक्षात राहिले पाच-दहा, आणि तुम्ही त्या पाच-दहांची तुलना आमच्या सगळ्या कचऱ्याशी करता. ही कुठली तुलना?" मग जरा थांबून म्हणाली, "पण हा एक मात्र खरंच कशासारखाच नाही. म्हणून तर मागे लागलेय. कसा सुचला तुम्हाला?"

मुलाखतीत देतो तेच उत्तर तोंडातून बाहेर पडलं. "लहानपणी मी अंधाराला घाबरायचो."

ते मात्र खरं होतं. दुकानाच्या मागच्या कोठारात दिवा नव्हता. वडील जुना स्पीकर आणायला पाठवायचे आणि मी उंबऱ्यावर कंदील घेऊन रडत उभा राहायचो, कारण हातात कंदील असला की स्पीकर उचलता येत नसे. मग आतून दादाचा आवाज यायचा, "कंदील खाली ठेव आणि ये. मी इथेच आहे."

"सापडली!" चाळणी ओरडली.

माझी पाचावर धारण बसली. खुर्चीची पाठ घट्ट धरून मी पडद्याकडे बघत राहिलो.

"बघा ना काय डोकं आहे. सातव्या तळघरात डावी भिंत. माझ्या सगळ्या भिंती घासून झाल्या, काही नाही. मग म्हटलं, दिवा खाली ठेवून बघू. दहा पावलांनी मरायला होतं हे सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी जात नाही. पण इथे, फक्त याच भिंतीशी, अकराव्या पावलाला मरत नाही. चालत राहायचं."

पडदा पूर्ण काळा होता. तिने बाराव्यांदा कळ दाबली आणि एक लहानशी खोली उजळली. आत दोन मुलं शेजारी शेजारी उभी होती, एक जरा उंच. वर विटा रचून काढलेली ओबडधोबड अक्षरं.

धाकट्या, दिवा ठेवून आलास. शाबास. आता हा खेळ तुझा. नाव तुझंच घाल.

"धाकट्या म्हणजे कोण?" चाळणीने विचारलं.

"मी," मी म्हणालो. "माझा थोरला भाऊ मला असं म्हणायचा." ड्रॉवर माझा होता. कॅसेट चुकून राहिलीच नव्हती. मशीनमधली जी जागा मला सापडत नव्हती आणि जिच्यापायी मी धून कापली, तिथे हा निरोप होता.

"म्हणजे भावाने तुम्हाला दिला होता खेळ," चाळणी सावकाश म्हणाली. मग हसली. "अहो, किती गोड! शुक्रवारी हेच सांगा. लोक रडतील."

मी सुटलो होतो. खरोखरच सुटलो होतो. मी चोर नाही, याचा पुरावा विटांनी लिहून ठेवलेला होता, तोही मालकाच्या हातचा. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मंगळवारपासूनची भीती क्षणभर अंगातून उतरली, आणि लगेच दुसरी चढली. दादाने मला माफ वगैरे केलंच नव्हतं. त्याला माफ करण्यासारखं काही घडलंय हेच ठाऊक नव्हतं. मी त्या खोलीत जाऊन आलो, निरोप वाचला आणि मगच खेळ घेतला, असं तो चौतीस वर्षं समजत होता.

दुपारी मी दुकानात गेलो. आता तिथे मोबाइल आणि मिक्सर दुरुस्त होतात, पण टेबल तेच. दादा डोळ्याला भिंग लावून मिक्सरच्या तारेला डाग देत बसला होता. वितळलेल्या कथलाचा वास येत होता.

"ये," तो म्हणाला. "शुक्रवारची तयारी झाली का? मी नवा सदरा आणलाय."

"दादा, सातव्या तळघरातली खोली बघितली."

त्याचा चेहरा असा खुलला की माझ्याने बघवेना. "आज परत गेलास होय? अरे वा! मी किती वर्षं विचारतोय. तू आपला विषयच काढत नाहीस. मला वाटायचं, लाजतोस."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम.

"परत नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

"पहिल्यांदाच म्हणजे?"

"आज पहिल्यांदा बघितली. तेव्हा मी तिसऱ्याच्या पुढे गेलोच नव्हतो. कॅसेट तू विसरलास असं वाटलं. मी उचलली आणि पाठवून दिली."

त्याने डागणी स्टँडवर ठेवली. भिंग काढलं. टेबलावरच्या उघड्या मिक्सरचे स्क्रू त्याने एकेक करून डबीत टाकले. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, निदान एक शिवी तरी देईल.

"तुझी वहिनी म्हणायची," तो शेवटी म्हणाला, "त्याने चोरलाय तुमचा खेळ. पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी तिला म्हटलं, पुन्हा माझ्या भावाबद्दल असं बोललीस तर या घरात राहायचं नाही. त्यावर ती जन्मात बोलली नाही. तिला तेवढं एकच वाक्य मी असं बोललो होतो." त्याने डागणीचं बटण बंद केलं. "ती बरोबर होती, हे आता कुणाला सांगू?"

तो उठला आणि मागच्या कोठारात गेला. तिथे अजूनही दिवा नाही. त्याला लागत नाही.

मी उंबऱ्यापाशी आलो. आत काही दिसत नव्हतं. "दादा," मी हाक मारली. उत्तर आलं नाही. सात वर्षांचा होतो तेव्हा उत्तर यायचं.

मी सवयीने मोबाइलचा दिवा लावला. मग तो तसाच टेबलावर ठेवला आणि आत गेलो.