वापरून बघायला दिलेला साचा

मी एक साचा बोलतोय. चामडं कापायचा साचा. हे ऐकून तुमचा चेहरा पडला असेल तर त्यात तुमची चूक नाही. एखादी तलवार बोलायला लागली असती तर तुम्ही खुर्ची पुढे ओढली असती. मलाही धार आहे, पण मूठ नाही, म्यान नाही आणि माझ्या नावावर एकही लढाई नाही. प्लायवूडची जाड फळी, तिच्यात ठोकून बसवलेली पोलादी पाती आणि कापलेलं चामडं आत अडकू नये म्हणून चिकटवलेले स्पंजचे तुकडे, एवढाच माझा संसार. चामडं अंथरायचं, मला त्यावर पालथा घालायचा आणि वरून प्रेसचा दांडा ओढायचा. धप्प! झालं माझं काम. आयुष्यभर पालथं पडून राहणाऱ्याने आत्मवृत्त सांगावं हे जरा अतीच आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका नव्या दुकानात झाला. चामड्याच्या कारागिरांची एक अरुंद गल्ली आहे, तिच्या वळणावर ते दुकान होतं. दुकान एका बाईचं. गल्ली तिला 'भाची' म्हणायची, कारण ती मामांची भाची, आणि मामा तर अख्ख्या गल्लीचेच मामा होते. भाचीने बरीच वर्षं एका मोठ्या कारखान्यात साचे बनवले होते. पाती वाकवण्यात तिचा हात असा बसला होता की पोलादाला वाटावं, आपण मुळातच वाकडे जन्मलो. मग एक दिवस तिने नोकरी सोडली आणि स्वतःचं दुकान टाकलं. पुढच्या खोलीत दोरा, मेण, सुया, कडांना लावायचा रंग; मागच्या खोलीत साचे बनवायचं सामान. कारागीर आपापले आकार घेऊन येतील आणि आपण त्यांना साचे करून देऊ, असा तिचा बेत होता.

कारागीर आले. दोरा घेऊन गेले.

"साचा करून घ्या ना, दादा," ती म्हणायची.

"घरात रापी आहे की," असं उत्तर यायचं. रापी म्हणजे त्यांची चामडं कापायची सुरी. बापाची रापी मुलाकडे येते, तिची मूठ झिजून झिजून बोटांच्या आकाराची होते. असल्या माणसांना फळीत ठोकलेल्या पातीचं काय कौतुक!

भाचीचा नवरा मागच्या खोलीत फळ्या कापायचा. तो म्हणाला, "अगं, फुकट दे. एकेकाला एकेक साचा वापरून बघायला दे. एकदा हाताला चटक लागली की येतील आपोआप."

कल्पना वाईट नव्हती. प्रश्न एवढाच होता, की साचा कशाचा द्यायचा? साधा गोल चालला असता. किल्लीला अडकवायचा तुकडा चालला असता. पण भाचीला साधं काही द्यायचं नव्हतं. बघताक्षणी कारागिराच्या तोंडून 'वा' निघेल असं काहीतरी तिला हवं होतं. आणि तिच्या आयुष्यात असं एकच होतं: मामांचं पाकीट.

ते पाकीट एकाच तुकड्याचं. शिलाई नाही, बटण नाही. दोन्ही बाजू आत दुमडायच्या, वरची जीभ खालच्या खाचेत सरकवायची, की पाकीट बंद. त्याच्या पाठीवर अंगठा टेकेल असा एक हलका बाक होता, त्यामुळे ते हातात घेतलं की ठेवावंसं वाटत नसे. मामा ते रापीने कापायचे, एकेक करून, घाई न करता. माणसं शोधत यायची आणि थांबून घेऊन जायची. मामांचं आणि मामींचं घर त्या एका पाकिटावर चालत होतं.

या गल्लीची एक रीत आहे. प्रत्येकाचे फर्मे, म्हणजे आखायला वापरायचे पुठ्ठ्याचे आकार, त्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले असतात. पाहुणा आला की त्याने दाराकडे तोंड करून बसायचं. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, पण भिंतीकडे बघायचं नाही. कुणी कुणाला हे शिकवत नाही. उघड्या दाराच्या घरात न विचारता कुणी शिरत नाही, तसंच हे.

भाची मात्र घरचीच. तिने सरळ भिंतीकडे बघून मागितलं. मामांनी फर्मा खिळ्यावरून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या हातात ठेवला.

"अहो, तो एकच तर आहे आपल्याकडे," मामी आतून म्हणाल्या.

"दोन असते तर तिने मागितला असता का?" मामा हसले. "ने गं. विचारतेस काय?"

फर्मा घेऊन आल्यावर हे सगळं भाचीनेच नवऱ्याला सांगितलं. मामांचा हात आता सगळ्या गल्लीला दिसेल, याचाच तिला आनंद होता. आपण काय मागितलं आणि त्यांनी काय दिलं, हे मामा-भाची दोघांच्याही ध्यानात आलं नाही. माया असली की माणसं हिशेब करत नाहीत. मला हे फार चांगलं वाटायचं. आता वाटत नाही.

तिने त्या फर्म्यावरून मला घडवलं, मग माझे भाऊ घडवले. पहिलं चामडं कापलं, दुमडलं, जीभ खाचेत सरकवली आणि पाकीट बराच वेळ तळहातावर धरून ठेवलं.

"मामांच्या हातचंच वाटतंय," ती म्हणाली.

"त्याहून सफाईदार आहे," नवरा म्हणाला. ते दुर्दैवाने खरं होतं.

मी गेलो काटकोनाकडे. हा पट्टे बनवणारा. त्याचं चालणं, बोलणं, शिवणं सगळं सरळ रेषेत, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. त्याचं दुकान मामांच्या दुकानासमोर, दारासमोर दार. पट्ट्यांना भोकं पाडायला त्याच्याकडे एक जुना प्रेस होता. त्यावर त्याने मला पालथा घातला, नाक मुरडतच दांडा ओढला आणि मला उचलून बघितलं.

"अहो, एका दमात अख्खं पाकीट?" त्याची बायको ओरडली.

काटकोन हसला. तो हसतो हे तिलाही नवीन असावं, कारण ती पाकीट सोडून त्याच्याकडेच बघत राहिली. मी तर भलताच फुशारलो. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मेजावर पाकिटांचा ढीग झाला. नवरा कापत होता, बायको दुमडत होती आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी कुणावर खेकसलं नाही. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस.

पण गल्लीतल्या प्रत्येक दुकानात माझा एकेक भाऊ होता, आणि प्रत्येक भाऊ तेच पाकीट पाडत होता. थोड्याच दिवसांत जिकडे बघावं तिकडे तेच. दारात लटकलेलं तेच, टोपलीत भरलेलं तेच. पाकिटांची साथच आली म्हणा. लोकांनी आधी हौसेने घेतलं, मग घासाघीस करून घेतलं, मग नुसतंच उचलून खाली ठेवलं. आणि साचे करून घ्यायला भाचीकडे कोण गेलं? कुणीही नाही. विकलं जाणारं पाकीट फुकटात मिळालेलं असताना स्वतःचा आकार काढायचे कष्ट कोण घेतो? आम्ही मोडलो असतो तर निदान दुरुस्तीला तरी गेलो असतो. पण तिने आम्हाला जीव ओतून केलं होतं. आम्ही मोडेनाच.

मामांचं दुकान मला काटकोनाच्या मेजावरून सरळ दिसायचं. मामा पूर्वीसारखेच बसायचे, पूर्वीसारखेच रापीने कापायचे. फक्त त्यांच्या दारात कुणी थांबत नव्हतं. एकदा एक बाई थांबली. तिने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, जरा हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण हेच करायला लागलात? समोरच्यांची सफाई बघा. तुमच्या कडा जरा वाकड्या आहेत."

मामा म्हणाले, "हो, हाताने कापतो ना."

काटकोन हे ऐकत होता. त्याने प्रेसचा दांडा हळूच सोडला आणि उगाचच पाणी प्यायला आत गेला.

त्यानंतर भाची आली. तिचा चेहरा उतरला होता. "दादा, साचा परत द्या. वापरून बघायला दिला होता, आता परत हवाय."

"ताई, देतो," काटकोन म्हणाला. "पण मी एकट्याने दिला तर बाकीचे देतील का? विचारून या. सगळे देत असतील तर पहिला माझा घ्या."

ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात हेच उत्तर मिळालं. प्रत्येक जण दुसऱ्यांनी दिल्यावर द्यायला तयार होता. माणसांची ही सवय मी नीट पाहिली आहे. एकट्याने चांगलं व्हायला त्यांना भीती वाटते.

शेवटी ती मामांच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. "मामा, मी तुमच्या ताटातलं ओढून गावाला वाटलं."

"वेडी आहेस का?" मामा म्हणाले. "साचा काय सुरेख झालाय! माझ्या हातून तो बाक इतका सारखा कधी उतरला नाही. पूस डोळे. मी नवा फर्मा काढतो."

त्यांनी तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांनी खरंच नवा फर्मा काढायला घेतला. रोज पुठ्ठा आखायचे, कापायचे, दुमडून बघायचे आणि टाकून द्यायचे. मामी तो कचरा झाडून काढायच्या. आकार काही मनात आणला की येतो असं नाही. पण एक दिवस आला. चष्म्याचं घर, तेही एकाच तुकड्याचं, फुलाच्या कळीसारखं मिटणारं. मामांनी पहिलं घर दारात टांगलं, आणि ते त्याच दिवशी विकलं गेलं. समोरून बघताना माझ्याही फळीत जीव आला.

ते विकत घेतलं होतं काटकोनाच्या बायकोच्या भावाने. रात्रीच्या जेवणाआधी ते आमच्या मेजावर होतं. काटकोनाने ते उलगडून तपकिरी कागदावर ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. त्या वेळी त्याने दार लावून घेतलं होतं. भिंतीकडे न बघायची रीत त्याने मोडली नव्हती म्हणा. वस्तू त्याने रीतसर विकत आणली होती.

दुसऱ्या दिवशी तो तपकिरी कागद आणि नमुना म्हणून मला घेऊन भाचीच्या दुकानात गेला. मी माझ्या जन्मघरी पुन्हा आलो. दोऱ्याची रिळं होती तशीच होती, वर धूळ तेवढी वाढली होती.

"ताई, याचा साचा हवा. हा आहे तसा, मजबूत. रोख देतो."

दुकान उघडल्यापासून साच्याची ही पहिली मागणी. नवरा मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आला. भाचीने कागद उलगडला. तिला एका नजरेत कळलं. ती बाकदार रेघ दुसऱ्या कुणाची नव्हतीच.

"हा मामांचा आहे," ती म्हणाली.

"विकत घेतलाय," काटकोन म्हणाला. "ताई, पाकीट आता कोण घेतं? मलाही घर आहे."

"अगं, पहिलीच ऑर्डर आहे," नवरा हळू आवाजात म्हणाला. "आता नाही म्हटलं तर दुकान राहायचं नाही."

तिने कागदाची पुन्हा घडी घातली आणि काटकोनाच्या हातात दिली. "मी नाही करणार."

"तुम्ही नाही केलात तर दुसरा कुणीतरी करेल."

"करू दे. माझ्या हाताने नको."

काटकोनाने कागद खिशात घातला. मग मला काखेत मारून निघाला. साचा दुसरीकडून झाला. पाती जरा पातळ होती, पण कापायची. पुढचं तुम्हाला सांगायला नको. महिना उलटायच्या आत गल्लीभर चष्म्याची घरं लटकू लागली. भाचीने केलेल्या त्या एका चांगल्या कामाने मामांचं दुकान वाचलं नाही आणि तिचंही गेलं. ती पुन्हा त्याच कारखान्यात कामाला जाते. जायला ही गल्ली जवळची, पण ती मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते.

मामांनी पुन्हा पुठ्ठा हातात घेतला नाही. मामी म्हणाल्या, "घरात बसून भिंती किती दिवस बघणार?" म्हणून ते समोर आले, काटकोनाकडे. काटकोनाने त्यांना खिडकीजवळची जागा दिली आणि पाठीला उशी दिली. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

आता मामा मला पालथा घालतात आणि दांडा ओढतात. दिवसभर ओढतात. परवा एक घाऊक माल घेणारा आला. पाकीट बोटांत फिरवत म्हणाला, "बाक छान आहे हो. आकार कुणाचा?"

काटकोनाने मान खाली घातली. मामा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "माझ्या भाचीचा. तिचं दुकान होतं वळणावर."

"आता नाही?"

"नाही."

मी आता थकलोय. जिभेजवळ माझी पाती बोथट झाली आहे, तिथे चामडं पूर्ण तुटत नाही, एक धागा राहतो. मामा खिशातून रापी काढतात आणि तो धागा तोडतात. तेवढ्यापुरता त्यांचा अंगठा पूर्वीसारखा फिरतो, आणि तेवढ्यापुरतं ते पाकीट त्यांचं होतं. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. काटकोन तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा, माझी पाती बदलू नकोस. तो धागा तसाच राहू दे.

पण तुम्ही पोहोचेपर्यंत उशीर झालेला असेल. आज काम संपल्यावर काटकोनाने मला उजेडात धरलं, बोथट जागेवर बोट फिरवलं आणि नवीन पातीचं माप घेतलं. मग मामांना मायेनेच म्हणाला, "मामा, उद्यापासून ती रापी आणू नका. उगाच खिशात ओझं."

मामा म्हणाले, "बरं."