पलीकडची पट्टी

श्रावस्तीने रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवला, तर गाल हवेतच राहिला.

तिने डोकं उचललं, पाय पुन्हा नीट रोवले, कोपर बरगडीशी आणलं आणि परत टेकवला. परत हवाच! दर शुक्रवारी जिथे तिच्या गालासाठी अक्रोडाच्या लाकडाची गुळगुळीत उशी तयार असायची, तिथे आज नुसता सपाट दस्ता.

"चाचा, माझी गालउशी कुठाय?"

गनीचाचा समोरच्या भिंतीवर टार्गेटचे पुठ्ठे लावत होते. रत्नागिरीचे गनीचाचा मनामाच्या मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते, आणि शुक्रवारी सुटीच्या सकाळी व मंगळवारी संध्याकाळी उम्म अल हस्सम वस्तीतल्या क्लबातल्या छोट्याशा एअर रायफल रेंजचे चावीवाले. त्यांनी वळून छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता. त्यात इतकं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"असंल तिथंच. नीट बघ की गो."

होती. पण पलीकडच्या अंगाला. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, म्हणून गालउशी कायम डावीकडे. आज ती उजवीकडे होती, दोन्ही स्क्रू घट्ट आवळलेले, जणू तिची जन्मापासूनची जागा तीच.

श्रावस्तीला हसूच आलं. कारण पप्पा आणि चूक? आता बोला!

लहू, म्हणजे श्रावस्तीचे पप्पा, मूळचे नागपूरचे. मीना सलमानमध्ये जहाजं दुरुस्त होतात तिथल्या वर्कशॉपमध्ये ते लेथ मशीनवर होते. क्लबाच्या कपाटात ही जुनी जर्मन रायफल धूळ खात पडली होती, तिला कुणी हात लावत नसे. पप्पांनी तिला असं पदरात घेतलं, की विचारू नका. क्लबाचा नियम कडक: नळी, ट्रिगर, सगळं लोखंड कुलपात राहायचं. घरी न्यायची मुभा फक्त लाकडाला. मग काय, दस्ता टॉवेलात गुंडाळून फ्लॅटवर यायचा आणि जेवणाच्या टेबलावर झोपायचा. कधी मागे रबर लागायचं, कधी पकडीच्या जागेला बोटांचे खळगे पडायचे. गालउशी ही त्यातली सगळ्यात मोठी सुधारणा. वरखाली सरकणारी! बाजूला एक पितळी पट्टी, पट्टीवर बारीक रेघा, आणि ज्याची त्याची उंची ज्याच्या त्याच्या अक्षराने कोरलेली. एक 'ल'. एक 'श्रा'. आणि एक 'रा', राधाचा. आईचा. गालउशी हे नावही आईनेच ठेवलेलं. ती दोनदाच रेंजवर आली, दोन्ही वेळा छर्रा भिंतीला लागला, दोन्ही वेळा ती पोट धरून हसली. पण तिची रेघ तेव्हापासून पट्टीवर होती. ती जाऊन चार वर्षं झाली तरी होती.

पप्पा फारसं बोलायचे नाहीत. बोलले तर रायफलचं बोलायचे, आणि घरची बातमी त्याच वाक्याच्या शेपटाला बांधून द्यायचे.

"ट्रिगरची स्प्रिंग बदलली. आता लोण्यावानी जाते. अन् आजी पडली घरी, पायाचं हाड मोडलं."

"नेमाच्या साइटले नवी काच बसवली. मस्त साफ दिसते. अन् आईचा रिपोर्ट आला."

श्रावस्ती तेव्हापासून शिकली होती. पप्पांनी रायफलमध्ये काही नवीन केलं, की आधी शेपटाकडे बघायचं.

आणि आज बघा, सुधारणा समोर होती आणि शेपूट गायब.

तिने रायफल बाकावर आडवी ठेवली. गालउशीखाली काहीतरी चमकलं. पलीकडच्या बाजूलाही एक पितळी पट्टी होती. नवी कोरी. कडा पप्पांच्या पद्धतीने घासलेल्या, बोट फिरवलं तर रेशीम. पट्टीवर एकच रेघ. रेघेपुढे अक्षर नव्हतं.

तिने घाईघाईने रायफल उलटी केली. जुनी पट्टी होती. 'ल' होता, 'श्रा' होता. 'रा' होता. त्या 'रा'च्या कान्यात अडकलेला काळा मळसुद्धा कुणीतरी सुईने काढून साफ केला होता.

"चाचा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "इथे डावखुरं कोण येतं?"

"मला काय ठाव? मी चावी सांभाळतो."

"चाचा!"

गनीचाचांनी उरलेले पुठ्ठे खाली ठेवले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच श्रावस्तीला दिसलं होतं. गेल्या वर्षीचा चौदा एप्रिल. मनामातला भाड्याचा हॉल, निळी तोरणं, स्टेजवर हार घातलेला फोटो, आणि जेवणाच्या रांगेत खिरीचं पातेलं घेऊन उभ्या भावना आंटी. शिपिंग ऑफिसात टायपिंग करायच्या. डाव्या हाताने वाढत होत्या. कुणीतरी काकू म्हणाली, अगं, उजव्या हाताने वाढ की. तर भावना आंटी म्हणाल्या, "उजव्यानं वाढली तर ताटात नाही, तुमच्या मांडीवर पडेल हो!" सगळी रांग हसली होती. आणि पप्पा, जे कुठल्याच विनोदावर वेळेत हसत नाहीत, ते घरी येताना गाडीत हसले होते. सिग्नलला. एकटेच. श्रावस्तीने विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काई नाई, खीर चांगली होती.

"भावना आंटी," ती म्हणाली.

"मी नाव घेतलं काय? नाय घेतलं," चाचा म्हणाले. "तूच घेतलंस. अल्ला गवाह हाय." मग ते तिच्याजवळ बाकावर येऊन बसले. "मंगळवारी संध्याकाळी येते. हिवाळ्यात नुसती बघायला यायची, मग एकदा हातात घेतली. बरी मारते गो. तुझ्या आईगत भिंत नाय फोडत."

श्रावस्ती हसली आणि लगेच तिला रडू आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे नाकातून विचित्र आवाज निघाला. चाचांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"मग पप्पा मला सांगत का नाहीत?"

"तुला काय, तिला तरी कुठं सांगतोय! सहा महिने नुसता स्क्रू पिळतोय तुझा बाप." चाचांनी कपाळाला हात लावला. "ती उद्या सुटीवर निघते, अमरावतीला. भावंडांची शिक्षणं करता करता हिचं लग्न राहिलं. आता भावाला जाग आली, स्थळ बघून ठेवलंय त्यानं. इथून कोणी थांब म्हणालं तर थांबेल. नाय म्हणालं तर खलास. मी लहूला म्हटलं, बोल बाबा. तर म्हणतो, पोरगी जूनमध्ये कॉलेजला नागपूरला चालली. आई गेली, घर सुटतंय, त्यात हे ऐकवू? तिच्या आईच्या जागेला हात लावला असं वाटंल तिला."

गेला महिनाभर ती पप्पांना वरण करायला शिकवत होती. पप्पा लेथवर केसाइतकी जाडी अचूक काढायचे आणि वरणात मीठ मुठीने टाकायचे. रोज रात्री तिला एकच चित्र दिसायचं: जेवणाचं टेबल, टेबलावर दस्ता, आणि शेपटाची बातमी ऐकायला समोर कुणीच नाही.

"पण चाचा, ते गालउशी परत फिरवायची कशी विसरले?"

शेवटी मारणाऱ्याने ती पुढच्याच्या अक्षरावर आणून ठेवायची, हा रेंजचा रिवाज होता. शुक्रवारी श्रावस्ती येणार, म्हणजे मंगळवारी 'श्रा'वर. कधी म्हणजे कधी चुकलं नव्हतं.

"लहू?" चाचा म्हणाले. "लहू काय विसरतो?"

तिने त्या बिनअक्षरी रेघेवर नख टेकवलं. मग म्हणाली, "चाचा, आज मारत नाही. लाकूड सोडवून द्या. घरी नेते."

वर्कशॉपमध्ये जहाज अडलं होतं म्हणून सुटीच्या दिवशीही कामाला गेलेले पप्पा दुपारी आले, तेव्हा त्यांचे हात तेलाने काळे होते. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं पांढरं झालं होतं. ते मोरीत गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि पुसत पुसत बाहेर आले ते थबकलेच. टेबलावर टॉवेल अंथरलेला होता. टॉवेलावर दस्ता. नवी पट्टी वर.

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आईचा फोटो होता. पप्पांनी आधी तिकडे पाहिलं, मग दस्त्याकडे, मग श्रावस्तीकडे.

"आणला का," ते म्हणाले.

"हो. चाचांनी दिला सोडवून."

"बरं केलं." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "मागच्या रबराले नवीन चिकट लावाचं होतं. उन्हानं सुटून राहिलं ते."

"हो का?"

"हाव. अन् मागं एक पातळ पॅकिंग टाकलं. लांबी थोडी कमी-जास्त करता येते आता. कोणाचा हात आखूड असला तर."

"छान झालं."

"अन्..."

शेपूट येत होतं.

"अन् ते... गॅसचं सिलिंडर आलं का?"

"पप्पा!"

"नाई म्हणजे, येणार होतं."

"पप्पा, तुम्ही गालउशी 'श्रा'वर ठेवली नव्हती. विसरलात?"

पप्पांनी टॉवेलाचा कोपरा उचलला, नीट केला, परत ठेवला. खरं तर तो नीटच होता.

"मी काई विसरत नाई, बाई," ते म्हणाले. अगदी हळू.

श्रावस्तीला किती काय बोलायचं होतं! मैत्रिणींसमोर ती तासभर बोलू शकायची, शाळेच्या वक्तृत्वात तर तिने ढाल आणली होती. सगळी वाक्यं एका वेळी दाराशी आली आणि दारातच अडकली. ती उठली. पप्पांच्या हत्यारांच्या पेटीतून तिने स्क्रायबर काढला, टोकदार पोलादी सळई, जिने ते पितळेवर खुणा कोरत. ती टेबलाशी येऊन बसली.

"या रेघेला अक्षर नाहीये," ती म्हणाली. "असं कसं चालेल? उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

पप्पांनी हात पुढे केला. स्क्रायबर घ्यायला असेल, किंवा तिला अडवायला. मग तो हात टेबलावर तसाच टेकला.

"जोर नको लावू," ते म्हणाले. "पितळ नरम असते. हलक्या हातानं, एकाच दमात वढ."

तिने जीभ दातात धरून 'भ' काढला. मग कान्याची उभी रेघ. ती थोडी तिरकीच गेली. पप्पांनी कोरलेल्या अक्षरांच्या मानाने हे अक्षर म्हणजे बालवाडी! तिने पितळेचा कीस फुंकला, आणि दस्ता उलटा करून जुन्या बाजूच्या 'रा'वरून एकदा बोट फिरवलं.

"ही बाजू कशी आहे तश्शीच आहे," ती म्हणाली. "पलीकडे जागा होतीच की."

पप्पा चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले.

"त्या उद्या निघतात," श्रावस्ती म्हणाली. "चाचा म्हणाले. आज घरीच असतील, बॅग भरत."

"आता? दुपारचं? झोपल्या असतील त्या."

"पप्पा, यल्ला! चला, लावा फोन!"

ती स्वयंपाकघरात गेली. फोन हॉलमध्येच होता, सोफ्याच्या हाताशी. तिने उगाचच बेसिनचा नळ सोडला, पप्पांना एकांत मिळावा म्हणून. मग नळ जरा बारीक केला, आपल्याला ऐकू यावं म्हणून.

बटणं दाबल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून आला.

"हॅलो. भावना मॅडम? लहू बोलून राहिलो." शांतता. "नाई नाई, रेंजवरून नाई. घरून." पुन्हा शांतता, चांगली लांब. श्रावस्तीने नळ पूर्ण बंद केला.

"ते सांगाचं होतं," पप्पा म्हणाले, "पलीकडची पट्टी पूर्ण झाली."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. पप्पा उत्तर द्यायला थांबले. श्रावस्तीला इथून त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू सैल होत होती.

"हाव," ते म्हणाले. "अक्षर तिनंच कोरलं."