बोटभर लाल माती

रावजी गुरुजींनी आपला जुना कॅमेरा वेदिकाच्या गळ्यात अडकवला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून एकच धडा ते तिच्याकडून घोटून घेत होते: खेळाडूच्या मागे धावू नकोस, तो जिथे येणार तिथे आधी जाऊन थांब.

हातखंब्याच्या मैदानावरही ते तिच्या शेजारी बसून तेच सांगत होते. "फोकस मध्यरेषेवर बांधून ठेव. बटण अर्धं दाबलेलं असू दे. दिसल्यावर दाबलंस तर उशीर झाला समज."

"आणि ताई रेषेवर आलीच नाही तर?"

"कबड्डीत परत यावंच लागतं, बाय."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण समीक्षा. जिंकलेल्या संघातल्या मुली जिल्ह्याच्या निवडीला जाणार होत्या, आणि वयाच्या अटीने समीक्षाचं हे शेवटचं वर्ष. नाहीच जमलं तर काजूच्या कारखान्यात जायचं, हे आई हौसाने गणपतीतच ठरवून टाकलं होतं.

गुण बरोबरीत, चढाई शेवटची. समीक्षा एकीला शिवून वळली तोच तिघींनी तिचे पाय धरले. ती पालथी पडली आणि तिने हात लांबवला. बोटाचं टोक रेघेला लागलं की जिंकली. वेदिकाचं बटण वाजलं, पाठोपाठ धुरळा उठला.

पंचांनी बाद दिलं.

"माझं बोट लागलंय," समीक्षा पुन्हा पुन्हा म्हणत होती.

हौसा धावत गुरुजींकडे आली. "फोटो आहे ना आमच्याकडे? दाखवा की पंचांना."

पंच भिकाजी हा रावजी गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. "नियमात बसत नाही," तो म्हणाला. "पण लागलेलं दिसलं तर फिरवतो निकाल. तुम्ही बघून सांगा, गुरुजी. तुमचा शब्द मला पुरे."

गुरुजींनी फोटो मोठा करून पाहिला. वर्षभर वेदिकाचे फोटो उशिराचे निघत: कुणाची पाठ, नाहीतर नुसती धूळ. आज रेघेच्या पांढऱ्या फक्कीचा कण न् कण मोजावा इतका लख्ख होता. समीक्षाच्या नखातली घाणसुद्धा दिसत होती. हात खांद्यापासून पुरता ताणलेला, आणि नख नि रेघ यांच्यामध्ये बोटभर लाल माती, कुणी न शिवलेली.

पोरीने आज एक क्षण उशीर केला असता, नुसती धूळ आली असती तर?

"जमलं ना, गुरुजी?" वेदिकाने विचारलं. तिने फक्त रेघेवर नजर ठेवली होती, त्यांनी शिकवल्याप्रमाणे.

"जमलं," ते म्हणाले आणि कॅमेरा भिकाजीच्या हातात दिला.

भिकाजीने पाहिलं, नकारार्थी मान हलवून परत केला. समीक्षाने कपड्यांवरची माती झटकली. हौसाने तिच्या चपला पायाने पुढे सरकवल्या.

"चल गो. पाचची गाडी जायची."