कपाळावरचं बोट

“पं... पंकजा,” हे म्हणाले, आणि नगरहून आलेली ती पोरगी टाळ्या वाजवून हसली.

“वा, आबासाहेब! एकदम बरोबर!”

मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. आमच्यात ती रीतच नव्हती. “ऐकलं का” एवढ्यावर भागायचं. आता एकेक शब्द गळत असताना जे थोडे उरले, त्यातलाही एक हिच्या वाट्याला गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या आजारात आधी भाषा जाते. माणसं ओळखू येतात, काय हवं ते कळतं, पण शब्द सापडत नाही. सत्तावीस वर्षं गावच्या दूध डेअरीचा सचिव राहिलेला, घरोघरच्या गाईंचीही नावं तोंडपाठ असलेला माणूस आता भाकरीला “ते... ते...” म्हणायचा. पंकजा दर बुधवारी त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घ्यायला यायची. तिनं फोटो चिकटवून एक वही केली होती. पाणी, भाकरी, औषध, डेअरी, नातवंडं. एका पानावर मीही होते.

“शब्द नाही आला तर बोट ठेवू द्या,” ती म्हणाली. “आणि आजी, ‘बोला ना, बोला ना’ करू नका हं. ते जास्त अडकतात.”

माझ्या नवऱ्याशी कसं बोलायचं, ते ही मला शिकवणार! चार दिवस ह्यांचं बोट वहीवर फिरताना पाहत होते. पाण्यावर थांबलं, डेअरीवर तर कितीदा तरी. माझ्या पानावर नाही. रविवारी मी ती वही देवघराच्या कपाटात पोथीखाली सरकवली. धूळ बसते म्हणून, असं मनाला सांगितलं. देवाला काही सांगितलं नाही.

सोमवार माझा मौनाचा. पहिलं मूल गेलं तेव्हापासूनचा नेम. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही. तेव्हा ह्यांनीच त्या दिवसापुरत्या खुणा ठरवल्या होत्या. चिमूट म्हणजे मीठ. मनगटावर बोट म्हणजे उशीर झाला. आणि मला बोलवायचं असलं, की कपाळाच्या मधोमध, कुंकवाच्या जागी बोट टेकवायचे. पुढे कुणाच्या लग्नाच्या मांडवात, भरल्या पंगतीतही मला ते दिसायचं.

त्या सोमवारी महादेवाला बेल वाहून आले, तर दारातच बामचा वास. हे खुर्चीत बसलेले, कपाळ लालभडक, डोळ्यांतून पाणी.

“आत्या, मामांचं डोकं लई दुखतंय बघा,” सून अश्विनी म्हणाली. “तुमी गेल्यापासनं कपाळाला बोट लावत्यात. ती वही बी घावंना. दोनदा बाम चोळला, गोळी दिली, तरी न्हाई थांबत.”

ह्यांनी मला पाहिलं. बोट पुन्हा कपाळावर गेलं.

मौन होतं म्हणून बोलता येत नव्हतं, असं म्हणावं, तर दिवेलागणीनंतरही मी सुनेला काही सांगितलं नाही. नुसता पदर ओला करून कपाळ पुसलं. पंकजाला नाव मिळालं होतं. ही खूण माझी होती.

मंगळवारी वही जागेवर ठेवली. बुधवारी पंकजा आली आणि तिनं मागचं कोरं पान उघडलं.

“वही काही सारखी हाताशी नसते. आता ह्यांच्या खुणा लिहून ठेवू. घरात सगळ्यांना कळल्या पाहिजेत.”

“चिमूट म्हंजी मीठ,” अश्विनीनं सांगितलं. “आन् कपाळाला बोट म्हंजी डोकं दुखतंय.”

पंकजानं ‘कपाळ’ लिहिलं. खिडकीत बामची बाटली होती, अर्धी रिकामी. हे माझ्याकडे बघत होते. काहीच हवं नसल्यासारखे, शांत.

गप्प राहिले असते तर ती खूण माझी एकटीची राहिली असती. मी देवळात गेले की हे मला हाका मारत राहिले असते आणि सून बाम चोळत राहिली असती.

“डोकं नाही दुखत त्यांचं,” मी म्हणाले.

“मग काय म्हनत्यात वो?”

मला एकदम लाज वाटली, नव्या नवरीसारखी. “मला बोलवतात.”

अश्विनीच्या हातातलं सुपलं खाली आलं. “अगं बाई! आन् मी आपली चोळतीय!”

पंकजा हसली नाही. “आजी, तुमचं नाव काय लिहू?” तिनं हलकेच विचारलं.

इतके बुधवार येत होती, पण तिला ते ठाऊक नव्हतं.

“पेन द्या इकडं,” मी म्हणाले.

पाण्यापासून डेअरीपर्यंत वहीतलं सगळं तिच्या वळणदार अक्षरात आहे. कपाळापुढचं ‘बनुबाई’ तेवढं माझ्या हातचं, जरा वाकडं. लिहून झालं तेव्हा ह्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.