ताटात पडणारा भुसा

मित्रांनो, मी एक जुनी तुळई आहे. मैंदर्गीत गुरप्पाच्या घरावरच्या मातीच्या माळवदाचा भार पेलते आणि रोज त्याच्या ताटात भुसा पाडते. मुद्दाम पाडते!

मूळची मी गावाबाहेरच्या रानातली बाभूळ. बाहत्तरच्या दुष्काळातही हिरवी राहिले. पण गुरप्पाला घर बांधायचं होतं, आणि हिरव्या झाडाला हात लावायची बंदी. मग त्या लबाडानं माझ्या बुंध्याभोवतीची साल कुऱ्हाडीनं सोलली आणि हात झटकून निघून गेला. मी उभ्या उभ्या वठले.

गंमत बघा, मेल्यावरच माझं घर भरलं. सालीखाली भुंगेऱ्यांच्या अळ्या आल्या, त्या खायला सुतारपक्षी आला, आणि त्यानं कोरलेल्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे उंदीर खाणाऱ्या छोट्या घुबडांची, जोडी राहिली. सोलापूरच्या कॉलेजातल्या जगदेवीबाई दर वर्षी येऊन माझ्याकडे कोण कोण राहतं ते टिपून घेत. म्हणत, "रानाची तब्येत कळायला वठलेल्या झाडाची नाडी बघावी." माझा ऊर भरून यायचा.

पिंगळ्याला पिल्लं झाली आणि गुरप्पा कुऱ्हाड घेऊन आला. त्याची बायको मल्लव्वा कळवळली, "अवो, वर पिल्लं वरडत्यात की!"

"झाड मेलंय. मेल्यात कोण ऱ्हातंय?" म्हणत त्यानं घाव घातला. पिल्लं दगडावर आपटली. ते मी विसरले नाही. विसरणारही नाही.

बाभळीचं लाकूड आधी पाण्यात मुरवावं, म्हणजे आतली कीड मरते, हे शेंबडं पोरही सांगेल. गुरप्पाला वास्तुशांतीची घाई! अळ्या माझ्यासोबतच घरात आल्या. म्हटलं, पोखरा गं बायांनो, पोटभर पोखरा! आमटीत भुसा, अंथरुणात भुसा. पिंगळे गेले तसे उंदीर माजले, त्यांनी ज्वारी फस्त केली ती वेगळीच. बरं झालं!

आता मी आतून पोकळ आहे. परवा गुरप्पा माझ्याखाली घोरत होता, तेव्हा मोडायचंच ठरवलं होतं. इतक्यात मल्लव्वानं नातीचा पाळणा मलाच बांधला. कशी पडू? पिल्लू आपटल्याचा आवाज मला ठाऊक आहे.

मल्लव्वा दुपट्यावरचा भुसा झटकत म्हणाली, "तुळई बदला की वो, मेली ती."

"कुटं मेली? जित्ती हाय अजून," गुरप्पा म्हणाला.

ऐकलंत? रानात मेलेली, घरात जित्ती!

मित्रांनो, वठलेल्या झाडाला हात लावण्याआधी टकटक करा, आत कोण आहे विचारा. आणि गुरप्पा भेटला तर सांगा, नात चालायला लागली की पाळणा सुटेल. मी वाट बघते आहे.