काचेच्या कपाटातली पहिली बाटली

नवरा होता तोवर त्या बाटलीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. घरात सोड्याच्या जुन्या बाटल्यांचा खच: जिन्याखाली, पलंगाखाली, फडताळात. त्या घासायच्या, निरखायच्या, त्यांचं वय ठरवायचं, हे काम नवराबायको बरोबरीने करत आणि त्यावरून कडाकडा भांडतही. ही हिरवट बाटली मात्र काचेच्या कपाटात एकटी. त्याने पोरवयात मिळवलेली पहिली. यंत्रं येण्याआधीची, तोंडाने फुंकून केलेली, असं तो सांगायचा आणि भले भले संग्राहक माना डोलवायचे. त्याने काढलेल्या संग्राहकांच्या मंडळाचं चिन्हही तीच.

तो गेल्यावर मंडळाने त्याच्या आठवणीत प्रदर्शन ठरवलं. आदल्या दुपारी बायकोने बाटली कोमट पाण्यात बुडवली, आणि धुता धुता तिचा अंगठा थबकला.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर बारीक रेघ उमटते. हाताने घडवलेल्या बाटलीचं तोंड शेवटी वेगळं वळवतात, म्हणून ती रेघ मानेवरच विरते. ही रेघ मान चढून थेट तोंडाच्या कडेवरून पलीकडे गेली होती. तिने बाटली उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. तळाला यंत्राने काच कापल्याची वाकडी गोल खूण.

"फार तर सासूबाईंच्या लग्नाच्या वेळची," ती पुटपुटली. आणि मग तिला प्रश्न पडला. तो कुणाला हात का लावू देत नव्हता?

संध्याकाळी दीर बाटली न्यायला आला. मंडळाचा कारभार आता त्याच्याकडे होता. तिने त्याचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. त्याला कळलं, बाटल्यांत त्याचाही जन्म गेला होता. पण त्याने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"वहिनी, दादा गेला. आता चारचौघांत त्याची शोभा करणार?"

"शोभा कसली? कार्डावर खरा काळ लिहा, एवढंच म्हणतेय."

"कार्डं छापून झालीत."

"मग हाताने लिहा."

मुलगा मध्ये पडला. "आई, जाऊ दे ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की!"

दिराने बाटली उचलली आणि निघून गेला. सकाळी सभागृहात ती मधोमध दिव्याखाली झळकत होती, शेजारी तेच छापील कार्ड. काचेच्या पेटीला कुलूप, किल्ली दिराच्या खिशात. बायको पेटीला खेटून उभी राहिली आणि येईल त्याला सांगू लागली, "कार्डावरचं चुकलंय. ही यंत्रावरची आहे. रेघ बघा."

लोक थांबायला लागले तसा दीर लगबगीने आला. "असंच चाललं तर मंडळातून नाव काढावं लागेल."

"काढा. पेन देऊ?"

तेवढ्यात नवऱ्याचा जुना हाडवैरी, ज्याला सगळे 'खवीस' म्हणत, दात काढत पुढे सरकला. "मी सांगतच होतो! पहिल्यापासून फेकाड्या होता तो."

ती गर्रकन वळली. "जीभ आवरा! तुमच्या घरातल्या निम्म्या बाटल्यांचं वय त्यांनीच सांगितलंय. ही एक चुकली. ती चुकली असं मी म्हणेन, तुम्ही नाही."

खवीस हलला नाही. वाकून रेघ बघत राहिला.

मुलगा इतका वेळ दाराशी ताटकळत होता. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबांना माहीत होतं का गं?"

"कोण जाणे. माहीत होतं तर मला सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं शेजारी बसून मी दुसऱ्यांच्या बाटल्या तपासल्या. आज समोर असते तर सोडलं नसतं मी त्यांना."

तिने डोळे पुसले, पण जागची हलली नाही. दिराने रागाने पेटीवरचा दिवा मालवला. बाटली काळीठिक्कर दिसू लागली. कुणीतरी चुकचुकलं. मुलाने काकाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि खिशातून मोबाईल काढून त्याचा उजेड काचेवर धरला.

"जरा वर धर," ती म्हणाली. "हां. आता बघा, कुठपर्यंत जाते ती."

पुढच्याच बैठकीत मंडळाने तिचं नाव काढून टाकलं. चिन्ह मात्र बदललं नाही. ती स्वतः जाऊन बाटली परत घेऊन आली.

"चिन्ह खुशाल मिरवा," दिराला तिने सांगितलं. "पण कुणी वय विचारलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा."

आणि लोक आपापल्या बाटल्याही घेऊन येऊ लागले. सगळ्यांत आधी खवीस आला, स्वतःची सर्वांत लाडकी बाटली फडक्यात गुंडाळून, चेहरा पाडून. तिने ती हातात घेतली आणि अंगठा मानेवर टेकवला.